दाट शक्यता

जठारपेठ, अकोला
१६ फेब्रुवारी

आचल,

माझा नंबर बंद केलास तर केलास. टपालखातं अजून तुझ्या हातात नाही, म्हणून हे पत्र. फाडायचं असेल तर वाचून फाड.

काल तुझ्या बाबांचा वरूडहून फोन आला. आधी बागेचं बोलले, मग मोटार जळाली ते सांगितलं, मग घसा साफ केला. तेव्हाच मी ओळखलं की आता लेकीचं काहीतरी आहे. म्हणाले, "आचल म्हणून राहिली, आईले सांगा, समितीत माह्या विषयावर तोंड उघडू नको म्हणा." एवढाच निरोप. कशी आहेस, जेवलीस का, काही नाही.

तर माझं उत्तर ऐक. मी तोंड उघडणार.

तुझ्या बंगळुरूच्या कुठल्याशा विज्ञानप्रेमी मंडळींनी एक तक्ता काढलाय. अंतराळ विज्ञानाच्या सरकारी पैशाला संसदेतल्या समितीत कोण पाठिंबा देईल, कोण देणार नाही. माझ्या नावापुढे काय लिहिलंय माहीत आहे? 'पाठिंब्याची दाट शक्यता.' आणि पुढे कारण, 'कन्या याच क्षेत्रात.' मी काय पाऊस आहे का शक्यता वर्तवायला? भाजीबाजारात मिरचीच्या पोत्यावर उभं राहून मी पहिलं भाषण केलं, तेव्हा तू शाळेतही जात नव्हतीस. तेव्हापासून माझी मतं माझी मीच ठरवत आले. आणि आता हे लोक म्हणतात, सुभद्राताईंचं मत त्यांच्या लेकीवरून ओळखा!

तुला प्रकरण माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल, तरी सांगते. समितीच्या अहवालाच्या मसुद्यात एक परिच्छेद आलाय. ज्या मोहिमांचा लगेच उपयोग दिसत नाही त्या पुढे ढकलाव्यात आणि तो पैसा उपयोगी उपग्रहांकडे वळवावा. त्यात पहिलं नाव तुमच्या दुर्बिणीचं आहे. पुढे ढकलणं म्हणजे काय ते मला शिकवू नकोस. सरकारात पुढे ढकललेली वस्तू परत कुणी पाहिलेली नाही.

आमच्या पक्षाच्या दिल्लीतल्या साहेबांचाही फोन येऊन गेला. "ताई, त्या परिच्छेदावर तुम्ही गप्प बसा. तुमच्या पुढच्या टर्मचं आपण बघू." गोड बोलतो तो माणूस, बोलताना पेढा दिल्यासारखा वाटतो. म्हणजे बघ, पक्षाला मी गप्प हवी आणि तुलाही मी गप्प हवी. पक्षाचं कारण मला समजतं. तुझं कारणही समजतं. मी बोलले तर ऑफिसात म्हणतील की आईनं दुर्बीण मिळवून दिली. म्हणू देत. लोकांच्या तोंडाला झाकण लावायचं काम मी कधीच सोडलंय.

आणि सेमाडोहचं मनात धरून बसली असशील, तर तेही एकदा होऊन जाऊ दे. तुम्ही मंडळी तुमचा तो कॅमेरा घेऊन सेमाडोहला आलात. तारे बघून दुर्बिणीला दिशा दाखवणारा कॅमेरा, असं तूच सांगितलं होतंस. अंधार हवा म्हणून मेळघाट निवडलंत. माझ्या लेकीचे साहेब माझ्या भागात आलेत, मग मी रिकाम्या हातानं येऊ? गोवऱ्यांच्या निखाऱ्यात कणकेचे रोडगे लावले, वांग्याची भाजी केली, गाव जेवायला बोलावलं. नत्थुजीनं हॅलोजन लावले, कारण एवढी माणसं अंधारात जेवतात कशी? तो बिचारा माझ्या पहिल्या निवडणुकीपासून मंडप घालतो, त्याला कार्यक्रम म्हटला की उजेड एवढंच माहीत. तुझ्या साहेबांना फेटा बांधला. भाषणात म्हटलं, "आमच्या पोरीची दुर्बीण कोण अडवते थे मी पायते." टाळ्या पडल्या. तू मात्र कॅमेऱ्यावर कापड टाकून गाडीत जाऊन बसलीस.

तुमची चाचणी वाया गेली. दुसऱ्या दिवशी ढग आले, मग जंगलखात्याची परवानगी संपली. ढगांना मी बोलावलं नव्हतं. तुझ्या साहेबांनी तुला जे काही ऐकवलं ते त्यांनी मला ऐकवायला हवं होतं, मी उत्तर दिलं असतं. आपल्या दारी माणूस आलं की त्याला जेवू घालतात आणि उजेडात जेवू घालतात. मी त्याची माफी मागणार नाही.

सुभद्रा खुशालराव
(खासदार, राज्यसभा)

ता. क. सेमाडोहचे लोक माझ्या निधीतून चौकात उंच खांबाचा हायमास्ट दिवा मागत होते. मी दिला नाही. खाली तोंड असलेले, झाकणाचे छोटे दिवे दिले. वीज वाचते म्हणून. उगाच भलता अर्थ काढू नकोस.


वरूड
२४ फेब्रुवारी

आचल,

तुझं उत्तर आलं नाही. येईल असं वाटलंही नव्हतं. पोस्टमनला दोनदा थांबवलं, ते त्याच्या मुलीच्या लग्नाचं विचारायचं होतं म्हणून.

आज इथे ओमप्रकाशशेठच्या पॅकिंगच्या शेडमध्ये संत्रावाल्यांची बैठक होती. बाहेर ट्रक उभे, आत क्रेट, आणि बायका फळं निवडत बसलेल्या. ओमप्रकाशशेठ उभे राहिले. तुला आठवत असतील, लहानपणी तुझ्या फ्रॉकच्या खिशात संत्री कोंबायचे. म्हणाले, "ताई, इकडं संत्र्याले भाव नाई, अन् तुमी आकाशात दुर्बीण धाडून राहिल्या असं पेपरात हाय. थ्या दुर्बिणीनं आमच्या संत्र्याले भाव येते का?"

दिल्लीच्या एका अधिकाऱ्यानं मला आधीच पढवून ठेवलं होतं. म्हणा ताई, पावसाचा अंदाज येतो, पिकाची पाहणी होते, कोळ्यांना मासे सापडतात. खरं आहे, पण ते दुसरे उपग्रह. तुझी दुर्बीण यातलं काही करत नाही, एवढं मलाही कळतं. आपल्या माणसांना थापा मारून मी पैसा मागणार नाही.

मी म्हटलं, "येत नाई."

शेठ बाकीच्यांकडे बघायला लागले. त्यांना वाटलं होतं ताई काहीतरी गोडगोड सांगतील. मग मीच विचारलं, "शेठ, तुमच्या पोरीच्या लग्नात तुमी अमरावतीचा बँड आणला होता. थ्यानं संत्र्याले भाव आला का?"

"थे आनंदाचं काम होतं ताई."

"मंग हेबी तसंच समजा. भावासाठी मी वेगळी भांडते अन् कशी भांडते थे तुमी पायलं हाय. दुर्बिणीचा पैसा कापला म्हणून थो तुमच्या शेडमंदी येणार नाई. थो कुठं जाईन थे तुमाले बी माहीत हाय अन् मले बी."

लोक हसले. शेठही हसले, पण डोकं खाजवत. मी जिंकून निघाले होते. तेवढ्यात फळं निवडणाऱ्या पार्बताबाईनं हात न थांबवता विचारलं, "बाई, थ्या दुर्बिणीतून दिसते काय?"

मी म्हटलं, "तारे."

"तारे तं मले अठूनच दिसते."

आता मात्र सगळी शेड खदखदून हसली. मी त्या दुर्बिणीचं चित्र बॅनरवर छापलं, तिच्या नावानं टाळ्या घेतल्या, तिच्यापायी माझी लेक माझ्याशी बोलत नाही, आणि ती बघते काय ते मला ठाऊक नाही! निवडणूक हरले होते तेव्हाही एवढं लागलं नव्हतं. गाडीत बसले तर तुझे बाबा खिडकीबाहेर बघत होते. त्यांना हसू आवरत नव्हतं हे मला पाठीवरूनही कळतं.

म्हणून विचारते. ती दुर्बीण काय बघते? मला सांगू नकोस हवं तर. पार्बताबाईला सांग.

सुभद्रा


वरूड
१ मार्च

आचल,

पार्बताबाईला उत्तर पोचलं.

तू तुझ्या बाबांना फोनवर बराच वेळ समजावलंस. त्यांनी त्यातलं अर्धं मला सांगितलं आणि बाकीचं तोंडात ठेवून बागेत पाणी सोडायला गेले. मी मागोमाग चिखलात गेले आणि उरलेलं काढून घेतलं. मला कळलं ते असं. काही तारे फार तापलेले असतात. ते एक वेगळा उजेड फेकतात, आपल्या डोळ्यांना न दिसणारा. तो इतका लांबून येतो आणि आपल्या हवेत अडकतो, जमिनीवर पोचतच नाही. खाली कितीही मोठी दुर्बीण उभारा, उपयोग नाही. म्हणून वर जावं लागतं. चुकत असेल तर बाबांकडून दुरुस्ती पाठव.

मी शेडमध्ये जाऊन पार्बताबाईला हे जसंच्या तसं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं, दोन किडकी संत्री बाजूला टाकली आणि म्हणाली, "म्हंजे येवढ्या लांबून निघालेला उजेड दारातच अडते?"

"हो."

"मंग जाऊन घेऊन या ना. बसल्या काहून?"

म्हणून उद्या दिल्लीला निघते. तुझ्या परवानगीची वाट पाहिलेली नाही.

सुभद्रा


दिल्ली
५ मार्च

आचल,

आज समितीत जे झालं ते बाहेर सांगायचं नसतं. पण जे मी स्वतःच्या तोंडानं स्वतःच्या घराबद्दल बोलले, ते माझं आहे. ते तुला दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी मीच सांगते. रागवायचं असेल तर पूर्ण वाचून रागव.

परिच्छेद वाचून झाला. मी माईकचं बटण दाबलं. तेवढ्यात संघपाल उठला. तोच, अमरावतीचा, विरोधी पक्षातला. आम्ही दोघं जिल्हा परिषदेपासून एकमेकांच्या सभांच्या वायरी तोडत आलोय. म्हणाला, "अध्यक्ष महोदय, माझा आक्षेप आहे. सुभद्राताईंची कन्या याच दुर्बिणीवर काम करते. त्यांचे हितसंबंध आहेत. त्यांनी या विषयावर बसू नये."

अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं. "ताई, आपलं काही हित असेल तर सांगा, नोंद घेतो."

मी हिंदीत बोलले, तुला आपल्या भाषेत सांगते. म्हटलं, "लेक आहे. याच कामावर आहे. पण सेमाडोहच्या जेवणानंतर ती माझ्याशी बोललेली नाही. माझा नंबर तिनं बंद केलाय. माझी पत्रं ती घेते, उत्तर देत नाही. मी इथे बोलू नये असा तिचाही निरोप आहे. यात माझं हित कोणतं, ते समितीनंच शोधून सांगावं."

एक जण हसला. मग कुणी हसलं नाही. टंकलेखकानं सुद्धा वर पाहिलं. अध्यक्षांनी विचारलं, "हे असंच नोंदवायचं?" मी म्हटलं, असंच. खाली बसल्यावर टेबलाखाली फोन काढून बघितला, तुझं काही आलंय का. हे फक्त तुला सांगते आणि यावर बोलायचं नाही.

संघपालनं आक्षेप मागे घेतला. मला बसू दिलं. मग मी बोलले. तुझं नाव घेतलं नाही, दुर्बिणीचं कौतुक केलं नाही. पार्बताबाईचं सांगितलं. म्हटलं, "याचा उपयोग काय असं विचारणाऱ्यांनी आधी हे सांगावं की वरूडच्या बाईनं फक्त भावच विचारायचा का? वर काय आहे हे विचारायचा हक्क तिला नाही का? तिच्या नावानं तुम्ही हा पैसा कापताय. तिनं तुम्हाला कापायला सांगितलं नाही. तिनं मला जाऊन घेऊन या म्हटलंय." आमच्या पक्षाचे साहेब पलीकडच्या खुर्चीत होते. त्यांनी सगळा वेळ पाण्याच्या ग्लासाकडे पाहिलं.

निर्णय झाला नाही. पुढच्या बैठकीत अहवाल पक्का होणार. तेव्हा मी पुन्हा बोलणार.

तुझं मन दुखावलं असेल तर दुखावू दे. ते खोटं नव्हतं.

आई


दिल्ली
१३ मार्च

आचल,

फोनवर सगळं बोलून झालं नाही, कारण अर्धा वेळ आपण दोघी एकदमच बोलत होतो. म्हणून लिहिते.

परवा फोनवर तुझं नाव दिसलं तेव्हा मला वाटलं कुणीतरी गंमत करतंय. उचलला तर तू थेट सुरू झालीस. "आई, हे तू सगळ्यांसमोर सांगितलं? आचल बोलत नाई म्हणून? संसदेत?" मी म्हटलं, नाव नाही घेतलं. तू म्हणालीस, "लेक किती हायेत तुले?" हे मात्र बरोबर होतं. मग तू हॅलोजनचं काढलंस, मी ढगांचं काढलं. तू रडत होतीस की ओरडत होतीस ते अजून मला नक्की कळलेलं नाही. मी ओरडत होते. सेमाडोहचे दिवे पाहून आलीस म्हणालीस. बाबांबरोबर गुपचूप जाऊन आलीस आणि मला पत्ता नाही! "खाली तोंडाचे लावले ना गं तू," एवढंच म्हणालीस. फोन बंद झाला की काय म्हणून मी तो कानापासून काढून बघितला.

मग तू विचारलंस, "जेवली का?"

पोरी, त्या एका प्रश्नानं तू माझी पंचाईत केलीस.

काल सकाळी उठले ती तडक अध्यक्षांकडे गेले. म्हटलं, "मागच्या बैठकीत मी नोंदवलं ते आता खरं राहिलं नाही. दुरुस्ती करायची आहे. लेक बोलते."

त्यांनी चष्मा काढला. "कधीपासून?"

"कालपासून."

"ताई, मग तर मला तुम्हाला त्या परिच्छेदापुरतं बाहेर बसवावं लागेल. बैठक उद्याच आहे. दुरुस्ती नंतर दिली तर नाही का चालणार?"

चाललं असतं. कुणाला कळणार होतं? पण लेक बोलत नाही असा कागद संसदेत ठेवून मी आत बसायचं, आणि तू तिकडे मला जेवली का विचारायचं, हे मला जमणार नव्हतं. इतके महिने मी त्या एका प्रश्नासाठी फोन उशाशी घेऊन झोपले आहे. तो खोटा ठरवून मला कुठलीच दुर्बीण नको होती. तुझीसुद्धा. झालं, बोलून टाकलं.

बाहेर पडले तर साहेब भेटले. बातमी त्यांना माझ्याआधी पोचलेली. खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "बरं झालं ताई, सुटलात. आता कुणाला दुखवायला नको."

सुटलात! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी त्यांचा हात खाली ठेवला आणि सरळ कँटीनमध्ये संघपालच्या टेबलावर जाऊन बसले. त्याचा घास हातातच राहिला.

"संघपाल, उद्या मी बाहेर हाय. थो परिच्छेद काढाची जबाबदारी तुमची."

"माही काहून?"

"मले बाहेर काढाले पयल्यांदा तुमीच उठले होते ना? घ्या, निघाली मी. आता माही जागा तुमीच भरा."

त्यानं घास परत ताटात ठेवला. मग म्हणाला, "ताई, तुमी माह्याकडून हे करवलं असं कळलं तं तुमचा पक्ष तुमाले पुन्हा पाठवणार नाई."

"कळू द्या. मीच सांगणार हाय."

"थ्या पार्बताबाईचं मी सांगितलं तं चालते का?"

"सांगा ना. थे काई माह्या पक्षाची नाई."

आणि मी खरंच साहेबांना जाऊन सांगितलं. त्यांच्या तोंडातला पेढा तिथेच संपला.

आज बैठक होती. मी बाहेर बाकावर बसले. आयुष्यभर लोकांना दाराबाहेर बसवलं आणि स्वतः आत बोलले, बाहेर बसायची सवय नाही. दाराला कान लावायचं मनात आलं, पण पहारेकरी ओळखीचा निघाला, खामगावकडचा. पिशवीत बाबांनी दिलेली संत्री होती. त्याला दिली, मी खाल्ली. आतून संघपालचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. एकदा मात्र तो 'वरूड' म्हणाल्याचं स्पष्ट ऐकू आलं.

दार उघडलं. तो बाहेर आला, माझ्याकडे न बघता पुढे गेला, मग परत फिरला. "निघाला, ताई," म्हणाला. "पैसा काई वाढला नाई. पण पुढं ढकला हे वाक्य निघालं. अन् ऐका, पुढच्या निवडणुकीत मी तुमच्या माणसाले पाडणारच हाय, थ्यात फरक नाई." मी म्हटलं, या मैदानात.

दुपारी साहेबांचा फोन आला. पुढची टर्म दुसऱ्या कुणाला. मी ठीक आहे म्हटलं आणि त्यांच्या आधी फोन ठेवला. एवढं तरी माझं.

तुझ्या बंगळुरूच्या मंडळींनी तक्ता नवा केलाय म्हणे. नत्थुजीनं तिकडून मोबाईलवर पाठवला. माझ्या नावापुढे आता 'सहभाग नाही' असं आहे. तो फार चिडला, खुलासा धाडतो म्हणाला. मी म्हटलं राहू दे.

तुमची चाचणी पुन्हा सेमाडोहला असेल तर मला सांगू नकोस असं म्हणणार होते, पण सांग. रोडगे मी दुपारीच लावीन आणि सूर्य मावळायच्या आत सगळ्यांना जेवून घरी पाठवीन. माफी म्हणून नाही. दुपारी रोडगे जास्त चांगले भाजतात.

आता कामाचं. माझी या समितीतली मुदत अजून पुढच्या वर्षीपर्यंत आहे. तो परिच्छेद पुन्हा येईल, असली वाक्यं मरत नाहीत. तेव्हा मला आत बसून भांडायचं असेल तर तू माझ्याशी बोलणं बंद केल्याचं लेखी लागेल. तुला तसं करायचं असेल तर रीतसर अर्ज कर, माझ्या नावानं, अकोल्याच्या पत्त्यावर.

मी तो नामंजूर करणार आहे.

आई